तीन पाण्यांचा बांगडा

बोईसरहून चिंचणी फार तर अर्ध्या तासावर. तरी गेल्या महिन्यात आईने फोन केला, "रविवारी ये, तुज्यासाठी बांगडा खारवलाय," तेव्हा मी म्हणाले, "पुढच्या रविवारी." ती गुरुवारी गेली. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईला एक रविवार मोकळा मिळत नाही, असं मीच मला पटवून दिलं होतं.

महिन्याने तिचं घर उघडलं. बांगड्यांची बरणी फडताळात तशीच होती. राहिलेलं ते जेवण एकदा तिच्या चवीचं व्हावं, एवढंच मला हवं होतं. नळाला पाणी नव्हतं, म्हणून शेजारच्या नवसीमावशीने कळशी भरून दिली. भात लावला. लसूण, लाल मसाला, चिंचेचा कोळ घालून दोन बांगडे बरणीतून थेट कालवणात सोडले.

उकळी आली तशी मावशी दारात आली. हातांना सुकटीचा वास.

"तीन पान्यातनं काढलास ना गो?"

"म्हणजे?"

"खारा बांगडा हाय तो, हिमानी. तीन पानी धुवाय लागतो. नायतर तोंडात धरवत नाय."

आमच्या मासळीवाल्यांत सात वर्षांची पोरही ही चूक करत नाही. मी शिकून शहाणी झाले होते.

"तुला कशी म्हायती असनार. तुजी आयच करून घालायची," मावशी म्हणाली आणि वाळत घातलेल्या मासळीकडे गेली.

मी तिथेच, उंबऱ्यावर बसून रडले. मरताना तिने मला हाक मारली असेल का, हे कुणालाच विचारता येत नव्हतं. मग कालवण ओतून देण्याआधी बोटभर चाखलं.

मीठ नेमकं होतं. आईच्या हातचं.

रडून तोंडाची चव गेली असेल, म्हणून तांब्यात उरलेल्या पाण्याने चूळ भरून पुन्हा चाखलं. तेच.

कळशी उचलून पाहिली. मी फार तर तीन तांबे पाणी घेतलं असेल. कळशी रिकामी होती. मोरीत, मघाशी नव्हती तिथे, आईची परात होती, तिच्यात गढूळ पाणी, वर खवले. बोट बुडवून जिभेला लावलं. खारटढाण.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं एवढंच, की ती जाऊ नये.

दोन पाट मांडले. दोन ताटं वाढली. हात धुवायला मावशीच्या पिंपावर जाऊन आले.

माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून कडेला ओळीने ठेवले होते. ओले होते. समोरच्या ताटाला कुणी हात लावला नव्हता.

माझ्याआधी ती कधीच जेवली नाही.

"बस आता, आई," मी म्हणाले आणि पहिला घास घेतला.

समोरचा पाट फरशीवर हळूच सरकला.