पाच दिव्यांची फाइल

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. मामी माहितीये ना, ती डिटेक्टिव्ह? आणि स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत तिच्यामागे हिंडणारा तिचा नवरा, आपला मामा? तर त्या दोघांच्या दारात सकाळी सकाळी एक बाई आली. हातात चहा दिला तर तो तसाच बाजूला ठेवून बोलत सुटली.

ती इंजिनियर. पाच दवाखाने तिने एका धाग्यात ओवले होते. म्हणजे तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे एका दवाखान्यात काढला, तरी दुसऱ्यातल्या डॉक्टरला तो बसल्या जागी दिसणार. चाचणी चालूच होती. उद्या उद्घाटन.

"आणि उद्याच सगळं मुसळ केरात जाणार," ती म्हणाली. "एका पेशंटची फाइल कुणीतरी रोज विनाकारण उघडतंय. त्याने तक्रार केलीये. ती मागे घेतली नाही तर समिती माझा प्रकल्पच गुंडाळणार!"

"त्याला कळलं कसं?" मामीने विचारलं.

"फाइल उघडली की पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जातो. ती सोय मीच केली."

"घ्या! आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा," मामा पुटपुटला. मामीने डोळे वटारले, तसा तो चहात बुडाला.

"उघडतं कोण?"

"पाचही दवाखाने! रोज सकाळी, दारं उघडली की. पहिलं पान बघतात आणि बंद. आजारांच्या पानांना हातसुद्धा लावत नाहीत. काउंटरचा पासवर्ड एकच, त्यामुळे माणूस सापडत नाही. समितीने दम भरलाय, सापडेल त्याची नोकरी गेली. मग कोण बोलेल?"

मामी उठली आणि मामाला म्हणाली, "स्कूटर काढ."

तक्रारवाला निघाला निवृत्त बँडमास्तर. मिशा अशा, की त्यावर लिंबं ठेवावीत.

"पाचही दवाखाने पालथे घातलेला माणूस एकच," त्यांनी छातीवर थाप मारली. "दात एकीकडे, डोळा दुसरीकडे, गुडघा तिसरीकडे! कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बाईंनी मला विचारून माझीच फाइल पडद्यावर लावली. पहिल्याच पानावर, जिथे जिथे गेलो त्या दवाखान्याची लाइन चालू असली की एक हिरवा दिवा. माझे पाच दवाखाने, पाच हिरवे दिवे! काय टाळ्या पडल्या! पण त्या दिवसापुरतं ठीक होतं. आता रोज टुण, टुण, टुण! परवा रस्ता खोदताना दवाखान्यांची केबल तुटली, जोडली, परत तुटली, तेव्हा तर फोन नाचत नाचत टेबलावरून खाली पडला."

"संशय कुणावर?"

"पुतण्यावर. दवाखान्यात औषधं देतो. माझ्या घरावर डोळा आहे त्याचा. म्हातारा किती टिकतो ते बघत असणार!"

मामाला पटलं. त्याला कुणीही काहीही सांगितलं तरी पटतं.

पुतण्या मात्र पोट धरून हसला. "काकांचे आजार बघायला फाइल कशाला? रोज जेवताना फोन करून ऐकवतात! काल नुसत्या डाव्या कानावर माझी भाजी थंड झाली. आणि आम्हा औषधवाल्यांना फाइल उघडतच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी दिसते."

"घर?"

"त्या घराचं गळकं छप्पर मीच दुरुस्त करतो हो. मला नको ते!"

मग दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी मास्तरांचं नाव ऐकताच मान खाली घातली. "मला काही माहीत नाही." तेवढ्यात वीज गेली. टेबलावरच्या दिव्याचं बटण चालूच राहिलं.

"बंद करा की," मामा म्हणाला.

"असू दे. हा लागला की कळतं, वीज आली."

मामी गालातल्या गालात हसली. "चल. चोर सापडला."

"कुठाय?" मामाने टेबलाखाली बघितलं.

संध्याकाळी सगळे, काउंटरवरच्या त्या बाईसुद्धा, इंजिनियरबाईंच्या ऑफिसात जमले. मामीने आधी समितीच्या अध्यक्षांना फोन लावून कुणाची नोकरी जाणार नाही असं वदवून घेतलं. मग सुरू झाली.

"चोराला माहिती हवी असते. हा तर आजाराचं पानच उघडत नाही! मग पहिल्या पानावर त्याला दिसतं काय? पाच दिवे. इतर पेशंट एकदोन दवाखान्यांतच गेलेले, त्यांच्या फाइलीत दिवा एक, फार तर दोन. मग पाचही दवाखान्यांशी लाइन चालू आहे का, हे एका झटक्यात बघायला फाइल कुणाची उघडायची?"

"मास्तरांची!" मामा ओरडला, आणि स्वतःच दचकला.

"शाब्बास. केबल सारखी तुटत होती तेव्हा मेसेज का वाढले? लाइन आली का, आली का, म्हणून. टेबलावरच्या त्या दिव्यासारखे मास्तर! आणि ही युक्ती शिकवली कुणी?"

इंजिनियरबाईंनी कपाळाला हात लावला. "मीच! प्रशिक्षणात."

काउंटरवाल्या बाईंचा बांध फुटला. "समोर रांग असते हो! नावं विचारून घेतली आणि लाइन नाही म्हणून फाइल उघडली नाही, की लोक खेकसतात. म्हणून आधी मास्तरांची फाइल. बाकी काही वाचलं नाही, शपथ!"

मास्तरांच्या मिशा हळूहळू वर चढल्या. "म्हणजे रोज सकाळी पाच काउंटरांवर पहिलं नाव माझं? तक्रार मागे! पण हे असंच चालू ठेवायचं. आत्ता लेखी परवानगी देतो!"

मामाने सुस्कारा सोडला. झालं, सुटलं सगळं!

"नाही मास्तर," इंजिनियरबाई म्हणाल्या.

"अहो, हो म्हणा!" मामा कुजबुजला. "उद्घाटन!"

"नाही. तुमची फाइल दिवा म्हणून वापरायची सवय लागली, तर उद्या दुसऱ्याची उघडताना हात थांबणार नाही. लाइन बघायला मी खोटा पेशंट बनवीन. तुमची फाइल कामाशिवाय कुणी उघडणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

मास्तर असे गडगडाटी हसले की खिडकीची काच हलली.

"ही पोरगी माझी फाइल माझ्यापासूनसुद्धा राखतेय! आणि मी हिच्याचविरुद्ध तक्रार करतो?" त्यांनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतल्याची सही ठोकली आणि खुर्ची पुढे ओढली. "आता सांग, त्या खोट्या पेशंटला आजार कोणते द्यायचे? मला दांडगा अनुभव आहे!"

"मेलो," पुतण्या म्हणाला. "आता त्याचेही आजार ऐकावे लागणार!"

मामा अजून म्हणतो, आधी सही घ्यावी, तत्त्वं मग सांगावीत. पण तू सांग, उद्यावर उद्घाटन, समोरचा आपणहून लेखी परवानगी देतोय, फक्त मान डोलवायची बाकी. तू काय केलं असतंस?