रागीट माश्या आणि मलमाचं गिऱ्हाईक

माझ्या औषधाच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा एकच डोळा उघडा होता. दुसरा सुजून टम्म!

"मधमाशी," तो म्हणाला. "म्हणजे... चार."

"श्वास लागतोय? चक्कर?"

"नाही. फक्त लाज वाटतेय."

मला हसू फुटलं. मी गोळ्या आणि मलम दिलं.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. आत्याचे गुडघे दुखायला लागले, तशी त्यांची मधमाश्यांची पेटी त्याच्या गळ्यात पडली. त्याला अनुभव शून्य, आणि माश्या महातापट. पुढच्या सोमवारी ओठ सुजला, मग कान... त्याचा खरा चेहरा मी पाहिलाच नव्हता, तरी सोमवार आला की माझी नजर दाराकडे लागायची.

एकदा तो न सुजता आला. देखणा होता की! पण तोंड पडलेलं.

"शेजारच्या काकूंना माशी चावली. माश्या शांत झाल्या नाहीत, तर पेटी देऊन टाकावी लागेल. आत्या म्हणते, राणी माशी बदल, नव्या राणीची पिल्लं गरीब निघतात. पण जुनी शोधायची तर... दोघं लागतात."

"सांगताय की विचारताय?"

तो लालबुंद झाला. यावेळी माशीशिवाय.

रविवारी मी आत्याचा जाळीदार पोशाख घालून पेटीवर धूर सोडत होते. तो पोळ्याची एकेक चौकट उचलत होता. गुणगुण वाढली, तसे त्याचे हात घाई करू लागले.

"हळू... आपल्याला कुठे जायचंय?"

हात स्थिरावले. पाचव्या चौकटीवर लांबट राणी सापडली — आणि तेवढ्यात माझ्या मनगटाला डंख! राणीला डबीत बंद करून त्याने माझा हात धरला, नखाने काटा खरवडून काढला.

"दुखतंय?"

"हो... पण हात सोडू नका."

"अरे, आधी पेटीचं झाकण लाव!" ओट्यावरून आत्या ओरडल्या.

नवी राणी आली. दोन महिन्यांत माश्या इतक्या निवळल्या, की काकू स्वतःहून कुंपणापाशी उभ्या राहून बघू लागल्या.

मग एका सोमवारी तो पुन्हा काउंटरसमोर.

"काय देऊ?"

"काही नको. आता चावतच नाहीत. इथे यायला कारणच उरलं नाही... आणि न येता राहवत नाही. तुम्ही मला फार आवडता."

माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली. ती उचलायला दोघंही वाकलो.

"दुकान सातला बंद होतं," मी हळूच म्हटलं. "तू थांबशील?"

माझ्या तोंडून 'तू' ऐकून तो तिथेच, जमिनीवर, पाकिटं हातात धरून हसत बसला.