सम्यक घरात आहे

खोटं वाटलं तर वाटू दे. पटवून द्यायची ताकद माझ्यात उरली नाहीये.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात. आमची कंपनी सोसायट्यांच्या गेटचं अ‍ॅप चालवते. फोनवर 'घरात' किंवा 'बाहेर' दाबायचं, वॉचमनला कळतं. ही माहिती पाच सर्व्हरच्या मेमरीत वाटलेली असते आणि प्रत्येक नोंदीची एक कॉपी दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली. एक सर्व्हर काढला की त्याचा वाटा बाकीचे उचलतात.

त्या दुपारी आम्ही एक काढला. वाटप सुरू झालं...

आणि स्क्रीनवर माझ्या भावाचं नाव आलं.

सम्यक. बोरीवली. घरात.

सम्यक जाऊन तीन महिने झाले होते. त्याची नोंद मी स्वतः पुसली होती. तेव्हाही रडले नव्हते.

"जुनी कॉपी राहिली असेल गं," शेजारी बसणारा सुबोध म्हणाला. "तू इथलं पुसलंस, बॅकअपने परत आणून ठेवलं. नेहमीचंच यार."

मी दोन्हीकडून पुसलं.

परत आलं.

"वाट लागली," म्हणत सुबोधने सगळेच सर्व्हर बंद केले. मेमरीच ती, बंद केली की कोरी. आता कुणीतरी फोनवर बटण दाबेपर्यंत काही दिसायला नको.

चालू केले. स्क्रीन रिकामी...

रिकामीच...

सम्यक. घरात.

सुबोधने कीबोर्डवरून हात काढून घेतले. "दर्शना, त्याचा फोन कुठेय?"

"माझ्या पर्समध्ये. बंद आहे."

मी आईला फोन लावला. बोरीवलीच्या त्या घरात ती एकटीच राहत होती. मुलुंडला मीही एकटीच, माझ्याकडे चल म्हणून किती विनवलं, ऐकेचना.

"आई, घरात कोण आहे?"

पलीकडे खुर्ची सरकली...

"जेवायला बसलाय," आई म्हणाली. "म्हणून तर येत नाही ना तुझ्याकडे. त्याला एकट्याला टाकून कशी येऊ?"

मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. एवढंच कळलं, आईला तिथून काढायचं.

संध्याकाळीच नेलं तिला, जवळजवळ ओढत. घराला कुलूप लावलं. मुलुंडला घरात शिरलो, मी दार लोटणार तोच आई म्हणाली, "थांब. येऊ दे."

मी थांबले. का, ते विचारू नका.

मग दार लावलं.

सोमवारी ऑफिसात स्क्रीनवर बोरीवलीचं घर रिकामं दिसलं. हुश्श केलं...

सुबोधने त्याची स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक बंद झालं की त्याचा वाटा दुसऱ्याकडे जातो, हे नवीन लोकांना मीच शिकवते.

सम्यक. मुलुंड. घरात.

ही नोंद मी पुसलेली नाही. आई आता पोटभर जेवते, हसतेसुद्धा. तिच्याकडे बघून मी गप्प बसते.

संध्याकाळी मी घरी जाते, बेल वाजवते. गुडघ्यांमुळे आईला उठवत नाही, ती आतल्या खोलीतूनच "आलीस का गं?" म्हणून ओरडते.

तरी दार उघडतं.