तिरक्या खुर्च्या

मनोरुग्णांच्या वॉर्डात एक तरुण वितीनं भिंत मोजत, स्वतःशीच पुटपुटत चालला होता. रूपाली सिस्टरला वाटलं, आला आपला नवा पेशंट. तिनं त्याला हळूच खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला.

"घाबरू नका हं. इथे सगळी आपलीच माणसं."

"घाबरलो नाही हो," तो लाजून म्हणाला. "मी वाल्मीक, ओझरचा. वॉर्ड नव्यानं सजवायचं काम माझ्याकडे आलंय. टेप गाडीत राहिली..."

रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र चहा संपवून म्हणाला, "आणखी थोडा वेळ पेशंटच समजा ना. चहा छान होता."

आता भिंत काय पळून जाणार होती? पण हा पठ्ठ्या रोज मोजायला यायचा, आणि रूपालीलाच सगळं विचारायचा. तिनं सांगितलं, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यानं पेशंटांचा जीव कासावीस होतो. चकचकीत फरशी पाणी वाटते, म्हणून पेठ गावाहून आलेल्या पेशंट सखुबाई लुगडं वर धरून चालतात. हळूहळू फरशी बदलली, दिवे शांत झाले, बंद खिडकी उघडली. उरल्या त्या भिंतीला टेकून रांगेत उभ्या खुर्च्या.

वाल्मीकनं त्यातल्या दोन ओढून तिरक्या मांडल्या.

"समोरासमोर बसलं की उलटतपासणी वाटते. अशा ठेवल्या की वाटलं तर माणसाकडे बघावं, नाहीतर खिडकी आहेच."

"आणि तुम्ही कुठे बघताय?"

"खिडकीकडे," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

कितीतरी दिवस गप्प असलेल्या सखुबाई त्या खुर्चीत बसून शेजारणीला नागलीची भाकर कशी थापायची ते सांगू लागल्या. "लय बरं वाटतं हितं," म्हणाल्या. त्या आनंदात वाल्मीकनं विचारून टाकलं, "रविवारी आई-अण्णांना घेऊन तुमच्याकडे येऊ?"

रूपाली हो म्हणाली खरी. पण एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती. ती ऐकून तो उठून गेला तर?

रविवारी पोहे झाले. "मुलांना बोलू द्या जरा," म्हणत मोठी माणसं आत गेली. रूपाली त्याच्या अगदी समोर बसली होती. बोलायला तोंड उघडायची आणि पुन्हा चहाच्या ट्रेमधले कप सारखे करायची. वाल्मीक उठला, आपली खुर्ची ओढून तिरकी केली.

"हं. आता बोला."

ती खिडकीकडे बघत राहिली. "कॉलेजात असताना... मी त्याच वॉर्डात होते. पेशंट म्हणून. आता बरी आहे, पण पुन्हा कधी औषधं लागतीलही. लपवून लग्न करायचं नाही मला."

वाल्मीकनं पोह्यांची बशी बाजूला सारली.

"त्या दिवशी तुम्ही मला पेशंट समजलात," तो सावकाश म्हणाला. "तेव्हा काय केलंत?"

"बसवलं... चहा दिला."

"मग मी काय वेगळं करणार? आई-अण्णांना आपण दोघं मिळून सांगू." त्यानं ट्रेमधला कप उचलून तिच्या हातात दिला. "घाबरू नकोस हं. इथे सगळी आपलीच माणसं."

त्या 'नकोस'नं तिचे डोळे भरून आले. या वेळी तिनं खिडकीकडे पाहिलं नाही.

आतून वाल्मीकच्या आईनं विचारलं, "झालं का रे बोलून?"

"नाही आई. आत्ता कुठे सुरू झालंय."