चंद्रावरची तुळस आणि मातीतल्या माश्या

मोगरा भट्टीत गेला, तरी माश्या वाढतच होत्या. नीरजाला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीत मातीला सोन्याचा भाव. घरटी एखादी कुंडी आणि नियम कडक: ज्या कुंडीत कीड, ती कुंडी भट्टीत. तिळाएवढ्या काळ्या माश्या दिसू लागल्या तेव्हा बैठक भरली. माश्या शेजारच्या डिमेलोकाकूंच्या मोगऱ्यावर बसतात, असं नीरजानंच तिथे सांगितलं. ते खरंच होतं. पण माश्या गल्लीतल्या भिंतींवरही बसत होत्या, हे मात्र ती बोलली नाही. काकूंनी वसईहून मांडीवर जपून आणलेला मोगरा दुसऱ्या दिवशी राख झाला. त्यानंतर काकू कुणाशी बोलेनाशा झाल्या.

फवाऱ्या नावाचा यंत्रमानव दिवसभर गल्लीतून औषध मारत हिंडायचा. सकाळी माश्या पडायच्या आणि संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या.

नीरजाचे दत्ताआजोबा मातीचे शास्त्रज्ञ. शेवटी तिनं त्यांनाच गाठलं. "आजोबा, मोगरा गेला, मग माश्या येतात कुठून?"

आजोबांनी बटाट्याच्या दोन चकत्या कापल्या. एक घरातल्या कढीपत्त्याच्या मातीवर ठेवली, दुसरी गल्लीच्या टोकाला असलेल्या तुळशीच्या मातीवर. दुसऱ्या दिवशी दोन्ही उचलून पाहिल्या. कढीपत्त्याची चकती स्वच्छ होती. तुळशीच्या चकतीखाली मात्र काळ्या डोक्याच्या, दोऱ्यासारख्या पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या.

नीरजानं चकती डोळ्यांजवळ धरली. "तुळशीत?"

"माशी जगते जेमतेम आठवडाभर," आजोबा सांगू लागले. शिकवायला बसले की त्यांचा आवाज खुलायचा. "तेवढ्यात ती ओल्या मातीत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. ती मातीतली बुरशी (ओल्या, कुजक्या जागी वाढणारे बारीक जीव) खाते आणि रोपाची कोवळी मुळंही कुरतडते. मग होतो कोश (अळीची माशी होत असतानाची निपचित अवस्था) आणि त्यातून पुन्हा माशी. फवाऱ्या उडणाऱ्या माश्या तेवढ्या मारतो. पुढची पिढी मातीत सुखरूप असते."

"मग आपला कढीपत्ता कसा वाचला?"

"अळ्यांना वरची बोटभर माती सतत ओली लागते. कढीपत्त्याला आपण माती सुकल्यावरच पाणी घालतो. तुळशीला?"

नीरजाला उत्तर ठाऊक होतं. गल्लीत तुळस एकच. अंघोळ झाली की प्रत्येक घरातलं कुणीतरी तिला पळीभर पाणी घालून हात जोडायचं. पळीभरच, म्हणून ते कुणालाच जास्त वाटत नव्हतं. पण सगळ्यांच्या पळ्या मिळून कुंडीत चिखल झाला होता. आणि तुळशीवर संशय घ्यायचं पाप कोण करणार?

"मोगऱ्याची माती कशी होती?" तिनं विचारलं.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "कोरडी. बैठकीच्या आधी मी बोट घालून पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. वाटलं, एका मोगऱ्यावर भागतंय, तर वाद कशाला घाला."

नीरजाला आजोबांचा भयंकर राग आला आणि स्वतःची शिसारी. शहाण्या माणसाची दातखीळ नेमकी गरजेच्या वेळीच का बसावी?

पुढच्या बैठकीत तिनं ती चकती सगळ्यांसमोर ठेवली आणि काही म्हणजे काही लपवलं नाही. भिंतींवरच्या माश्या सांगितल्या, आजोबांनी पाहिलेली कोरडी मातीही सांगितली. आजोबा खाली मान घालून बसले. नियमाप्रमाणे आता तुळस भट्टीत जायला हवी होती. अध्यक्ष निमकरकाका खाकरले. "तुळस आहे ती. महिनाभर उपाय करून बघू या." सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. डिमेलोकाकू उठल्या आणि निघून गेल्या.

उपाय सोपे होते. पळीचं पाणी बंद झालं. कुंडीची वरची माती काढून तिथे कोरडी वाळू पसरली, म्हणजे माशीला अंडी घालायला ओल मिळू नये. पाणी खालच्या ताटलीत घातलं, ते मुळांनी लागेल तेवढं ओढून घेतलं. पिवळा रंग या माश्यांना खेचतो, म्हणून जवळ पिवळे चिकट कागद लावले. हळूहळू माश्या संपल्या आणि तुळशीला नवी पालवी फुटली. 'आधी बटाट्याची चकती, मग निवाडा' असा नवा नियमही झाला. जो तो नीरजाची पाठ थोपटू लागला. तिला ते कौतुक नकोसं झालं.

ती काकूंच्या दाराशी गेली. "काकू, चुकलं माझं."

काकू दारातच उभ्या राहिल्या. "तुळस वाचली, बरं झालं, बाय. तिच्यात कीड होती, तरी तिला महिना मिळाला. माझ्या मोगऱ्यात कीड नव्हती, त्याला एक दिवस कुणी दिला नाय."

नीरजा रडू लागली. काकूंनी तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही.

"पुढल्या यानातून माझी बहीण मोगऱ्याची काडी पाठवतेय," मग त्या म्हणाल्या. "लावायला ये. वाळू आणि ताटली तूच घेऊन ये. आणि उद्या पुन्हा कुणी माझ्या कुंडीचं नाव घेतलं, तर आधी माती बघ. बघितलीस, की मग आजोबांसारखी गप्प बसू नको."