धडधाकट माणसाला लाल दिवा

गंगापूर रोडच्या चौकात विद्याधर पिंगळे एक पाय पेडलवर आणि एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. समोरचा लाल दिवा त्याच्याकडे, आहेर न आणता जेवायला बसलेल्या पाहुण्याकडे पाहावं, तसा पाहत होता.

शेजारच्या मोटारींच्या रस्त्याला तेवढ्यात तिसऱ्यांदा हिरवा मिळाला. त्यातून एक गृहस्थ गेले. एका हातात वडापाव, दुसरा हात हॉर्नवर आणि फोनवर कुणाला तरी शिव्या. सिग्नलने त्यांना अदबीने वाट करून दिली. सायकलमार्गाचा दिवा लाल तो लालच.

विद्याधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लगेच गळ्याला दोन बोटं लावून नाडी पाहिली, पण तोवर ती पुन्हा संथ झाली होती. गेल्या अकरा वर्षांच्या सायकलिंगने त्याचं हृदय इतकं घोटीव झालं होतं, की त्यात राग टिकतच नव्हता. याचा त्याला भयंकर राग आला. तोही टिकला नाही.

तो सायकलकडे वळला होता भीतीपोटी. त्याचे वडील एकावन्नाव्या वर्षी, चहाचा कप हातात असताना, छातीवर हात ठेवून गेले होते. विद्याधर आता एकोणपन्नासचा होता. वडिलांसारखं जायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने वनस्पती तूप सोडलं, मोटार विकली आणि सातपूरच्या पंपाच्या कारखान्यात रोज सायकलने जायला लागला. पंपाची चाचणी घेणं हे त्याचं काम. पोचायला उशीर होतो म्हणून त्याला शेवटची ताकीद मिळाली होती.

त्या दिवशी तो कारखान्यात गेलाच नाही. सायकल वळवली आणि तडक नाडी-वाहतूक केंद्रात शिरला.

केंद्राची प्रमुख डॉ. नूतन वैशंपायन हृदयरोगतज्ज्ञ होती आणि शाळेत त्याच्या वर्गात होती. त्यामुळे तिच्यावर ओरडायला त्याला पूर्वपरवानगी लागत नसे.

"हा काय चावटपणा आहे, नूतन? शेजारी वडापाव खाणाऱ्याला तीनदा हिरवा आणि मला लाल! मी माणूस आहे की खांब?"

"बस, पिंगळ्या. पाणी पी."

"बसतो कसला! सकाळपासून बसूनच आहे, सायकलवर!"

नूतनने भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. सगळं शहर त्यावर ठिपक्यांनी लुकलुकत होतं. "एकेक ठिपका म्हणजे एकेकाच्या मनगटावरचा नाडीपट्टा. पट्टा हृदयाचे ठोके, त्यांची लय, रक्ताचा दाब, सगळं वाचतो. त्यावरून यंत्र एकच आकडा काढतं. या माणसाला आणखी थोडा वेळ थांबवलं, तर त्याच्या हृदयाचं किती नुकसान होईल? त्याला आम्ही प्रतीक्षाभार म्हणतो. ज्या मार्गावर प्रतीक्षाभाराची बेरीज जास्त, त्याला हिरवा. सगळ्या शहराचं मिळून नुकसान कमीत कमी. आहे की नाही साधं?"

"आणि सायकलमार्गावर सगळे धडधाकट."

"म्हणून तुमची बेरीज जवळपास शून्य. तुमच्या दहाजणांचा भार त्या एका वडापाववाल्याइतकाही भरत नाही. तू उन्हात तासभर उभा राहिलास तरी तुला काही होत नाही रे. हे खरं तर कौतुक आहे."

"हे कौतुक कारखान्यात चालत नाही!" विद्याधरने टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे ज्याने छातीची वाट लावून घेतली त्याला वाट, आणि ज्याने जपली तो चौकात वाळत घातलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"रस्त्यात झटके येऊन मरणारे निम्म्यावर आलेत, पिंगळ्या. त्यांच्या बायकांना जाऊन सांग हे."

विद्याधरने आवाज चढवला. "मग निदान पट्ट्यावर आकडा तरी दाखवा! स्वतःच्या हृदयाचं काय चाललंय हे माणसाला कळू नये?"

"पहिल्या चाचणीत दाखवत होतो. 'धोका' असं वाचलं की लोकांचा धोका वाढायचा. एक जण तर नुसता आकडा पाहून मेला. तेव्हापासून पट्टा सिग्नलला सांगतो, माणसाला नाही."

"मग आमच्या मार्गाला थोडा वेळ तू हाताने हिरवा दे."

"हाताने बदलता येत नाही. सुरुवातीला ती सोय होती, तर मंत्र्यांच्या गाड्या घुसायला लागल्या. म्हणून ती कळच काढून टाकली. आता कुणाचीच वशिलेबाजी नाही. माझीसुद्धा नाही."

विद्याधर दार आपटून बाहेर पडला. दाराला हवेचा दट्ट्या होता, त्यामुळे ते हळूच, आवाज न करता मिटलं. या शहरात धड संतापायचीही सोय राहिलेली नव्हती.

त्याला नव्हती, पण बाकीच्यांना होती. लोकांना गणित कळलं होतं. हिरवा हवा तर हृदय बिघडलेलं हवं. कॉलेज रोडवर 'शीघ्रकोप' नावाचा क्लास निघाला. तिथे ऑफिसला निघण्यापूर्वी माणसाला त्याच्या भाऊबंदकीची आठवण करून देत. व्यायामशाळा ओस पडल्या आणि त्यांच्या जागी तळणीची दुकानं आली. ज्यांना एवढं करूनही राग येत नव्हता, ते मोटारीत शेजारच्यांचे हृदयरोगी आजोबा घालून नेऊ लागले. दोन आजोबा असलेली मोटार तर शहरात कुठेच थांबत नसे. आयुष्यभर अडगळीत पडलेल्या म्हाताऱ्यांना सकाळी दारात गाड्या येऊ लागल्या आणि ते भाव खाऊ लागले.

विद्याधरच्या घरी असा एक म्हातारा फुकट होता.

पुंडलिकराव आहेर हे त्याचे सासरे. एसटीचे निवृत्त चालक. एक बायपास आणि दोन स्टेंट झाल्यावर ते येवल्याहून लेकीकडे, म्हणजे रोहिणीकडे, राहायला आले होते. विद्याधर त्यांना मामा म्हणायचा. त्याला त्यांचा राग यायचा, कारण ते दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाची चूक काढायचे आणि ती नेमकी बरोबर असायची.

"मामा, उद्यापासून माझ्याबरोबर कारखान्यात याल का? मागे बसायचं फक्त."

"मागं?" मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, छत्तीस वर्षं गाडी हाकली. माझ्या मागं पन्नास माणसं बसायची. मी कुणाच्या मागं बसलो नाही."

"सातपूरला उत्कृष्ट मिसळ मिळते."

"कॅरिअरला गादी बांधा," मामा म्हणाले.

आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी सायकल चौकाजवळ येते न येते तोच दिवा हिरवा झाला. मामांच्या एका हृदयाने मोटारींच्या अख्ख्या रांगेला पाणी पाजलं. वडापाववाले गृहस्थ काच खाली करून बघतच राहिले. मागे बसलेल्या मामांनी त्यांना, एसटी चालक एसटी चालकाला करतो, तसा हात केला.

विद्याधर वेळेवर पोचू लागला. मामा कारखान्याच्या फाटकाशी रखवालदाराला गाडी चालवण्यातले धडे देत बसू लागले. पाठीमागे ऐंशी किलोंचे सासरे आणि सातपूरकडचा चढ. विद्याधरला घाम फुटायचा. चढाच्या मध्यावर छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. ती मिसळीची जळजळ, असं त्याने ठरवलं. मिसळ मामा खायचे, तो नाही, या तपशिलाकडे त्याने दुर्लक्ष केलं. जबडा दुखायचा, तो हेल्मेटच्या पट्ट्याने. डावा हात जड व्हायचा, तो हँडल घट्ट धरल्याने.

बोलायचं तरी कुणाजवळ? त्याच्या सायकलगटाचा एक जुना नियम होता. दर रविवारी पहाटे सगळे मध्यमवयीन गडी चढावर निघत, आणि जो पहिल्यांदा 'दुखतंय' म्हणेल त्याने बाकीच्यांना नाश्ता द्यायचा. अकरा वर्षांत एकदाही कुणी नाश्ता दिला नव्हता. गुडघे गेले, मणके सरकले, एकाचं खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं, तो म्हणाला, "जरा अवघडलंय." विद्याधरला या गटाचा अतोनात अभिमान होता.

सोमवारी सगळंच जमून आलं. घरापासून निघाल्यावर एकही लाल नाही. एरवी मामा असूनही एखादा दिवा अडायचा, एखाद्या मोटारीत तीन आजोबा निघायचे. आज समोरचा चौक नजरेत यायच्या आतच दिवा हिरवा होत होता. शेजारी मोटारींची रांग थिजून उभी होती. सायकलमार्ग आणि त्यांच्यामध्ये सिमेंटच्या खुंट्या होत्या, नाहीतर त्यांनी विद्याधरला कच्चा खाल्ला असता.

"बघा लेको!" तो त्यांच्यावर ओरडला. बऱ्याच दिवसांचं साचलं होतं. "बघा कसं वाटतं ते!" ओरडताना त्याचा श्वास अडकला आणि पाटा आज जरा लवकरच छातीवर आला. "मामा, आज... तुमची तब्येत... फारच खराब दिसतेय. शाब्बास!"

"माझी?" मामा मागून म्हणाले. "मी एकदम ठणठणीत. रात्री झोप बी झकास लागली. फक्त मनगटाला खाज सुटली, म्हणून पट्टा काढून ठेवलाय घरी. रोहिणीला सांगितलंय."

विद्याधर आणखी थोडं अंतर पेडल मारत गेला. दूरवरचा एक दिवा त्यांच्यासाठी हिरवा झाला.

त्याने ब्रेक दाबला.

सायकलवर माणसं दोन. पट्टा एक. त्याने हिशेब पुन्हा केला. पंपाच्या चाचणीत आकडा पटला नाही की पुन्हा मोजायचं, ही त्याची सवय होती. आकडा तोच आला. तो खाली उतरला, खुंटीला टेकून बसला, आणि मग त्याला संताप आला. असा संताप त्याला आयुष्यात आला नव्हता. त्याने नूतनला फोन लावला.

"तुझं यंत्र बिघडलंय! मला हिरवा देतंय! मला! माझी नाडी चव्वेचाळीस असते, मी..."

"पिंगळ्या, उभा आहेस की बसलायस?" नूतनचा आवाज अगदी हळू होता. "बसूनच राहा. छातीत दुखतंय का?"

विद्याधर गप्प झाला. अकरा वर्षांची शिस्त होती.

"दुखतंय का, गाढवा?"

"दुखतंय," तो म्हणाला.

"नाडी मंद म्हणजे स्नायू दणकट. पण त्या स्नायूला रक्त देणारी नळी चोंदली, तर दणकटपणा काय चाटायचाय? तुझ्यासारख्यांचं हृदय शेवटपर्यंत कुरकुर करत नाही. सगळ्या शहरात आत्ता सर्वात जास्त भार तुझा आहे. मी मघाशीच रुग्णवाहिका सोडलीय."

"कुठे आहे ती?"

नूतनने पडद्यावर पाहिलं. "मागच्या चौकात. लाल लागलाय तिला."

"रुग्णवाहिकेला लाल?"

"तिच्यात रुग्ण नाहीये ना अजून. चालक पंचविशीचा, सोबतची नर्स कबड्डी खेळते. दोघांचा भार शून्य. तुझ्या सायकलमार्गाला हिरवा आहे, म्हणून बाकी सगळ्यांना लाल. आणि तू आहेस तोवर तो हिरवाच राहणार."

"मग बदल ना तो हाताने!"

ते वाक्य दोघांनीही ऐकलं.

"आता शहरात एकच मार्ग वाहतोय," नूतन शेवटी म्हणाली. "तुझा. इस्पितळ पुढच्याच चौकात आहे. मी पळत येऊन दारात उभी राहते. पण तू पेडलला पाय लावायचा नाहीस, समजलं? एकही पेडल नाही."

विद्याधरने फोन खाली घेतला. मामांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, सायकलभोवती एक फेरी मारून दोन्ही चाकं दाबून पाहिली, आणि पुढच्या सीटवर चढले.

"मामा, तुमचा बायपास..."

"माझा दुरुस्त करून दिलेला आहे. तुमचा अजून व्हायचाय. बसा मागं. माझी कंबर धरा."

विद्याधर गादीवर बसला. सायकल डुगडुगली, मग सरळ झाली. मामा एसटी घाटात चढवावी तशी ती चढवत होते, जिवाच्या आकांताने आणि तिसऱ्याच गिअरमध्ये.

"गिअर बदला, मामा! डाव्या हाताचा! अहो, डाव्या! चेन तुटेल माझी!"

"जावईबापू, चिडू नका," मामा धापा टाकत म्हणाले. "दिवा आधीच हिरवा आहे."

विद्याधरने त्यांच्या पाठीवर कपाळ टेकवलं. त्याला वडिलांच्या हातातला कप आठवला आणि तो घाबरला. मामांच्या सदऱ्याला घामाचा आणि तंबाखूचा वास होता. तो वास घट्ट धरून तो बसला.

शेजारी, सगळं शहर थांबलं होतं. पुढे एका मोटारीची काच खाली आली, आणि वडापाववाल्या गृहस्थांनी अर्धं अंग बाहेर काढलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी आयुष्यभराचं सगळं त्या एका हाकेत ओतलं.

"ए म्हाताऱ्या! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

"बापाचा नाही!" मामा मान न वळवता ओरडले. "जावयाचा आहे!"