खोबणीतलं पाणी

मी जे सांगणार आहे त्यावर या खोलीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. कारण उभ्या आयुष्यात मला खरं बोलावंसं वाटलं ते फक्त दंतवैद्याच्या खुर्चीत, आणि तिथं मला कुणी बोलू दिलं नाही. अट जुनीच आहे. गोष्ट चालू असताना कुणी उठायचं नाही, आणि ज्यानं माझं खोटं तोंडावर पकडलं त्याच्यापाशी गोष्ट संपली.

या घरात दोघींना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली ही माझी भाचेसून. ती बघा, खिडकीपाशी बसली आहे. धाकटी ही माझी भाची, म्हणजे थोरलीची नणंद. ती दाराजवळ, पर्स मांडीवर घट्ट धरून, जायच्या बेतात. भावानं जेवायला बोलावलं म्हणून आली, नाहीतर या घराचा उंबरा ती सहसा चढत नाही.

"मामा, सुरू करा," भाचा म्हणाला. "नाहीतर प्रस्तावनेतच म्हातारे व्हाल."

"तो धोका टळून वर्षं झाली," मी म्हणालो, आणि सुरू केलं.

तर माझी बहीण, म्हणजे धाकटीची आई, ज्या संध्याकाळी गेली त्या संध्याकाळी, तिला पलंगावरून खाली घेतलं तरी, उशीवरचा खळगा अजून तसाच होता. धाकटी परगावाहून धावत आली, दारातल्या डॉक्टरांशी बोलली, आणि आत येऊन आईकडं न बघता थोरलीकडं बघत म्हणाली, "वहिनी, डॉक्टर म्हणतात आईच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही. गोळ्या द्यायचं काम तुमच्याकडं होतं."

तोवर ती वहिनीला 'तू' म्हणायची. त्या एका वाक्यात 'तू'चं 'तुम्ही' झालं, आणि थोरलीच्या अंतःकरणात काहीतरी असं तुटलं की त्याचा आवाज तिला पुढं कित्येक वर्षं, कपडे वाळत घालताना, कुलूप लावताना, ऐकू येत राहिला. तरी खाली मान घालून तिनं तो अपराध पदरात घेतला.

का घेतला? कारण काही दिवसांपूर्वीच तिनं सासूबाईंना शिवणयंत्राजवळ पाहिलं होतं. माझी बहीण जिभेखाली दडवलेली गोळी काढून, पुसून, बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होती. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या. कुणाला संशय यावा कसा?

खिडकीपाशी थोरली अर्धवट उठली. "मामा, हे तुम्हाला…"

"अट आहे," मी म्हणालो. ती बसली. भाच्याच्या हातातला चमचा तसाच राहिला.

मला कसं कळलं म्हणता? बहिणीनं स्वतः सांगितलं. गेल्यानंतर. माझ्या आरामखुर्चीच्या हातावर येऊन बसली आणि हलकी इतकी की खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. म्हणाली, मी सुनेला म्हटलं, ही गोळी मला जगवते गं, पण मला मी म्हणून ठेवत नाही. सुईचं नेढं दिसेना, तुझं नाव आठवेना. महिन्या-दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, ते माझे मला जगू दे. आणि धाकटीला सांगू नकोस. पोर औषधं शोधायला निघाली आहे. तिच्या आईनंच औषध थुंकून टाकलं हे कळलं तर तिचा हात जन्मभर थरथरेल. माझी शपथ आहे.

ती शपथ थोरलीनं पाळली. धाकटी शिकली, मोठी झाली, औषधाच्या कंपनीत संशोधन विभागाची प्रमुख झाली. त्याच कंपनीत खालच्या मजल्यावर थोरली गोळ्यांची तपासणी करायची: कुठली गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते पाहायचं. एकेकाळी तिचंही संशोधन चालू होतं. सासूबाईंच्या उशाशी कुणीतरी बसायला हवं होतं म्हणून तिनं ते अर्ध्यावर सोडलं, आणि धाकटीला म्हणाली, तू पूर्ण कर, दोघींचं होईल. आता जिन्यात समोरासमोर आल्या की ती धाकटीला वाट करून द्यायची आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग, मॅडम."

मग एक दिवस फर्मान निघालं की तपासणीचं काम यंत्रं करणार. ज्यांना संशोधनात यायचंय त्यांनी ड्यूटी संपल्यावर नवी पद्धत शिकावी. वर्ग कोण घेणार? धाकटी. केस पांढरे झालेली थोरली मागच्या रांगेतल्या संगणकापुढं जाऊन बसली, आणि हजेरी घेताना धाकटीनं तिचं आडनाव असं उच्चारलं जणू ते तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव नव्हतंच.

आता ही पद्धत काय, तर ऐका. आजाराच्या मुळाशी एखादं प्रथिन असतं. त्याचं चित्र संगणकात उभं करायचं. त्यात एक खोबण असते, आणि त्या खोबणीत हजारो रेणू एकेक करून बसवून पाहायचे, पोराच्या पायात बूट घालून पाहावेत तसे. जो बसेल त्याला तिथं हलवून, गदगदवून बघायचं. टिकला तर औषधाचा उमेदवार, निसटला तर पुढचा. प्रथिनाभोवती पाण्याचे कण चिकटलेले असतात, ते आधी साफ करायचे. धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाणी काढा, पण डोळे मिटून काढू नका." वर्गानं पहिला अर्धा भाग लिहून घेतला आणि दुसरा सोडून दिला.

थोरलीचा रेणू टिकेना. खोबणीत बसायचा, क्षणभर थांबायचा आणि अलगद बाहेर… शेजारचा पोरगा म्हणायचा, "काकू, तुमचा रेणू पळपुटा आहे, जामीन राहू नका." ती हसायची. पण स्क्रीनवरची ती काळी, रिकामी खोबण बघता बघता तिला उशीवरचा खळगा आठवायचा आणि ती हात धुवायला उठायची.

आणि तेव्हापासून ते सुरू झालं. ती हात धुऊन परत यायची तर तिच्या जागेवर पाण्याचा भरलेला पेला ठेवलेला असायचा, वर धूळ पडू नये म्हणून काचेची गोल चकती. ठेवणारं कुणी नाही. बंद खिडक्यांच्या त्या थंडगार खोलीत शिवणयंत्राच्या तेलाचा वास यायचा, तोच, सासूबाईंच्या बोटांना यायचा तो. स्क्रीन काळी झाली की तिच्या खांद्यामागं कुणीतरी उभं असल्याची सावली दिसायची. वळून बघावं तर मागं फक्त हलणारं दार. एकदा तिनं हळूच विचारलं, "सासूबाई, रागावलात का? मी सांगितलं नाही हो कुणाला." फक्त पेल्यातलं पाणी, जणू कुणी नुकताच हात काढला आहे असं, अजून हलत होतं.

आता यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या पाण्याकडं व्याकुळ होऊन बघत असतानाच तिला धाकटीचं ते अर्धं वाक्य आठवलं. तिनं मूळ चित्र पुन्हा उघडलं. खोबणीच्या तळाशी, कोपऱ्यात, पाण्याचा एक कण होता. तिनंच झाडून टाकलेला. तिनं तो परत ठेवला. रेणू बसवला. गदगदवलं. रेणू जागचा हलला नाही.

परीक्षेच्या दिवशी, म्हणजे कालच, तिनं हे सगळ्यांपुढं मांडलं. धाकटी पुढच्या रांगेत. तिनं विचारलं, "पाणी काढायचं होतं. हा एक कण का ठेवलात?"

थोरली म्हणाली, "मॅडम, एका बाजूनं यानं प्रथिनाचा हात धरलाय, दुसऱ्या बाजूनं रेणूचा. तो नुसत्या नजरेला अडगळ वाटतो. पण तो काढला की दोघांचं नातं सुटतं."

धाकटीनं उत्तीर्ण असा शेरा दिला, चष्मा काढला, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या भिंतीला कपाळ टेकून, एवढी मोठी बाई, हुंदके आवरत उभी राहिली. कुणी पाहिलं नाही. माझ्या बहिणीनं पाहिलं; तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, मग आत जाऊन सुनेच्या जागेवर शेवटचा पेला भरून ठेवला, त्यावर काचेची चकती ठेवली, आणि…

"मामा," थोरली म्हणाली.

तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी शांत होता, तपासणीच्या टेबलाशी असतो तसा.

"सासूबाई पेल्यावर वाटी पालथी घालायच्या. काचेची चकती प्रयोगशाळेत असते. तिथं काम करणाऱ्या माणसाचा हात उघडं भांडं दिसलं की आपोआप तिच्याकडं जातो." ती उठली आणि दाराकडं गेली. "आणि तेलाचा वास आत्ताही येतोय. भुताला पर्स नसते, मामा."

धाकटीनं पर्स उघडली. बटणांचा पत्र्याचा डबा बाहेर आला आणि तिच्या हातात थरथरायला लागला, इतका की आतलं सगळं खुळखुळलं.

"आई गेल्यावर हा मी नेला होता. कोटाचं बटण शोधत होते…" धाकटी म्हणाली. "वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यात. मामांना दाखवला, तू का गप्प राहिलीस ते त्यांनी ताडलं. तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं येणार होते, वहिनी?"

थोरलीनं दोन्ही हातांनी तो डबा धरला, धाकटीच्या हातांसकट, आणि खुळखुळ थांबली.

"रोज येत होतीस की," ती म्हणाली.

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं, पुढं काय म्हणून. पण खोटं पकडलं गेलं होतं, आणि अट ती अट.